मष्णूने लेसरला लावलेलं कुंकू

पिरनवाडीचा मष्णू उंचीने पाच फूट, पण कापायच्या टेबलाशी उभा राहिला की सात फुटांचा वाटे. तो कामाला होता त्या बेळगावच्या कारखान्यात पंपांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या पाट्या बनत. कांद्याच्या सालीसारखे तीन पातळ थर: वरचा पारदर्शक, मधला छापील, खालचा नुसता आधाराचा. वरचे दोन कापले जावेत आणि तिसऱ्यावर ओरखडाही उमटू नये, ही खरी कला. मष्णू श्वास रोखून सुरी फिरवी. बावीस वर्षांत तिसऱ्या थराला त्याने कधी दुखवलं नव्हतं.

घरी त्याची बायको गुणाबाई म्हणे, "त्या पापुद्र्याला जपतासा तेवढं मला जपला असतासा, तर मी बी अंगानं भरले असते!"

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याआधी मालक भीमसेनअप्पांनी लेसरचं यंत्र आणलं. कपाटाएवढी पेटी, आत भिंग, आणि भिंगातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा किरण.

"दसरा झाला की पंपवाले बघायला येणार," अप्पा म्हणाले. "यंत्र पास झालं तर मष्णू, तू गेटवर. खुर्ची देतो, छत्री देतो."

मष्णूला छत्री नको होती. टेबल हवं होतं.

यंत्र मात्र तिन्ही थर जाळून पाटीखालचा पत्राही तापवी. यंत्राबरोबर आलेल्या बंगळूरच्या इंजिनियरने बटण एक घर खाली आणलं, तर वरचा थरही कापेना.

अशातच खंडेनवमी आली. पान्हे, हातोडे, सुऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. यंत्रापाशी येऊन भरमा फिटर अडला.

"कुंकू पात्याला लावायचं. ह्येचं पातं कुठाय?"

"बटण दाबून बोट घाल, कळंल," मागून कुणीतरी म्हणालं. मष्णू कुंकवाची वाटी घेऊन पुढे झाला.

"र्‍हाऊ दे की रं मष्णू, तुझ्याच मुळावर आलंय ते," भरमा म्हणाला.

"म्हणून सणाला उपाशी ठेवू व्हय?" मष्णू म्हणाला. "पातं जिथनं निघतंय, तिथं लावायचं." त्याने झाकण उघडलं आणि अनामिकेने भिंगावर कुंकू लावलं. तेही श्वास रोखून, सवयीने.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंपवाले आले. यंत्र घुमलं. इंजिनियरने पाटी उचलली. वरचे दोन थर केळ्याच्या सालीसारखे सुटून आले. मष्णूने तिसऱ्यावरून नख फिरवलं. ओरखडा नाही! टाळ्या पडल्या. मष्णूनेही वाजवल्या आणि जड पावलांनी तो गेटकडे निघाला.

तेवढ्यात इंजिनियरने झाकण उघडलं.

"भिंगावर ही घाण कुणी केली?"

"घाण न्हाय सायब, कुंकू हाय," भरमा म्हणाला.

इंजिनियरने भिंग लख्ख पुसलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. तिन्ही थर जळाले, धूर झाला.

"मघाचंच करा की," पंपवाल्यांतला एक म्हणाला.

इंजिनियरने घाम पुसत स्वतः कुंकू लावलं. थर जास्त झाला, काहीच कापेना. भरमाने लावलं तर पाटीचा एक कोपरा सुटला, दुसरा जळाला. अप्पांनी चपला काढून, देवाचं नाव घेऊन लावलं. पाटी नुसती वाकडी झाली.

शेवटी अप्पा गेटपर्यंत अनवाणीच पळाले. "मष्णू, ये रं बाबा!"

मष्णू आला. हात धुतला. बोटावर कुंकू घेतलं, त्यातलं निम्मं झटकलं, श्वास रोखला आणि भिंगावरून बोट फिरवलं. दोन थर सुटले, तिसरा सुखरूप. पंपवाल्यांनी तिथल्या तिथे सही केली.

त्या दिवसापासून रोज सकाळी कारखाना मष्णूच्या बोटासाठी खोळंबू लागला. आठवड्याला एक भिंग तापून तडके, पण पाट्या बिनचूक निघत.

इंजिनियरला बंगळूरला अहवाल धाडायचा होता. 'किरण सौम्य करणारा सुटा भाग' या रकान्यापुढे बिचाऱ्याने बराच विचार करून लिहिलं: 'मष्णू'.

उलट टपाली पत्र आलं: 'भाग उत्तम दिसतो. सहा नग पाठवा.'