अल्कालोचं मत

तिदाबाई जार्जू मारीकुंद्याच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवत होत्या. त्यातली सतरा वर्षं, निवडणूक आली की शाळेच्या आवारातलं मतदान केंद्र त्यांच्याच हाती असे. गांबियात मत म्हणजे काचेची गोटी. कार्ड दाखवायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, बाईंच्या हातून गोटी घ्यायची आणि पडद्याआड जायचं. तिथे प्रत्येक उमेदवाराचं एक पत्र्याचं पिंप, वर त्याचा फोटो आणि निशाणी. पिंपाच्या नळीतून गोटी सोडली की आतल्या घंटीवर आपटते, टण्ण, आणि खालच्या वाळूत गप्प होते. घंटी दोनदा वाजली तर कुणीतरी खिशातून जास्तीची गोटी आणली म्हणायची. म्हणून त्या दिवशी शाळेच्या आसपास सायकलसुद्धा फिरकू देत नसत, आणि बाई कान टवकारून बसत.

"पडद्यामागची घंटी बरोबर ऐकू येते," त्यांचा नवरा मलांग म्हणायचा, "मी घरात चार हाका मारल्या तर मात्र बहिरी!"

मलांग खाडीत कोळंबी पकडायचा. दोघांचं ठीक चाललं होतं. मग तो डिसेंबर आला.

राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. बावीस वर्षं एकच माणूस खुर्चीवर. तो हरेल असं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण मारीकुंद्यात भोकाभोकांच्या लाकडी फळ्यांवर गोट्या मांडून झाल्या, तेव्हा त्याच्या फळ्या कमी भरल्या. बाईंनी आकडे मोठ्यानं वाचले आणि खाली सही केली. देशभर तसंच झालं. साहेबांनी आधी हार मानली आणि आठवड्यानं शब्द फिरवला. म्हणे, मोजणीच चुकली.

चौथ्या दिवशी बाईंच्या दारात बिननंबरची जीप उभी राहिली. साध्या कपड्यांतले दोघं उतरले. पाणी मागून प्यायले. मग त्यातला वयानं मोठा म्हणाला, "बाई, तुम्ही जोला जमातीच्या. साहेबही जोला. आपल्याच रक्ताविरुद्ध सही करताना हात कसा कापला नाही?"

"सही मी आकड्याखाली केली, भाऊ. रक्ताखाली नाही."

त्यानं एक कागद पुढे सरकवला. मोजणीत गोंधळ झाला होता, मी घाबरून सही केली, असं त्यावर टाइप केलेलं होतं. "तीन दिवस देतो. घाई नाही."

निरोप द्यायला त्या फाटकापर्यंत गेल्या, आणि तिथे त्यांना दिसलं की जीपमध्ये पुढच्या सीटवर कुणीतरी बसलंय. यांकुबा कोन्ते. गावचा अल्कालो, म्हणजे मुखिया, आणि मलांगचा सख्खा थोरला भाऊ. घर दाखवायला तोच आला होता. तो खाली उतरला नाही. समोरच्या काचेतून सरळ बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मलांगनं होडी काढली. एक बोचकं, दोन कोंबड्या आणि जीव मुठीत धरून दोघं सीमेपलीकडे सेनेगलात मलांगच्या मावशीकडे पोचले. एका खोलीत अकरा माणसं, असे पाच आठवडे काढले. जानेवारीच्या शेवटी बातमी आली की शेजारच्या देशांची फौज आत शिरली आणि साहेब विमानात बसून निघून गेले. बाई परतल्या तेव्हा घराला कुलूप तसंच होतं, शेळ्या मात्र गेलेल्या.

एप्रिलमध्ये पार्लमेंटची निवडणूक लागली. शहरातून अधिकारी आला आणि केंद्र पुन्हा तुम्हीच सांभाळा म्हणाला. मलांगनं कपाळाला हात लावला.

"एकदा वाचलीस. आता कानाला खडा लाव."

"मी नाही बसले तर तिथे कोण बसेल?"

"कुणी का बसेना!"

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि इस्त्रीसाठी निखारे पेटवायला उठल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी आठलाच रांग आंब्याच्या झाडापर्यंत गेली होती. या वेळी पिंपं दोनच. नव्या आघाडीच्या उमेदवाराची निशाणी होडी, जुन्या पक्षाच्या उमेदवाराची घागर. बंदोबस्ताला एकटे हवालदार जूफ, तेही नुसत्या काठीवर. जूफ सेरेर जमातीचे. सेरेर आणि जोला यांच्यात बापजाद्यांपासून थट्टेचं नातं. दोघंही एकमेकांना आपले गुलाम म्हणतात आणि कुणी रागवायचं नसतं.

"काय गं गुलाम," जूफ आल्या आल्या म्हणाले, "मालकाला चहा?"

"मालकाचं तोंड बघितलंस का आरशात?" बाई म्हणाल्या. "जा, फाटकावर उभा राहा. तेवढंच जमतं तुला."

दहापर्यंत सगळं सुरळीत चाललं. होडीच्या उमेदवाराचा प्रतिनिधी फोदे सीसे आतल्या बाकावर बसून नावांवर खुणा करत होता. अठ्ठावीस वर्षांचा, बाईंचाच जुना विद्यार्थी. मग बाहेरून कुणीतरी त्याला शीळ घातली आणि तो उठून गेला. थोड्या वेळानं फाटकावर आरडाओरडा ऐकू आला.

यांकुबा मत द्यायला आला होता. पांढरा झगा, डोक्यावर टोपी, हातात कार्ड. जानेवारीपासून तो फारसा घराबाहेर पडला नव्हता. फोदे आणि दहा-बाराजण फाटक अडवून उभे होते.

"घरी जा, म्हाताऱ्या," फोदे म्हणत होता. "बावीस वर्षं तुझंच मत चाललं. आज नाही."

फोदेचा थोरला भाऊ लांदिंग याला सहा वर्षांपूर्वी भुईमुगाच्या खरेदी केंद्रावरून उचलून नेलं होतं. तो परत आला नाही. सरकारला नावं ठेवली, एवढाच त्याचा गुन्हा. कुणी चुगली केली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सहा वर्षं सगळे मूग गिळून होते.

बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग गोट्यांच्या भांड्यावर झाकण ठेवलं, भांडं काखेत मारलं आणि चालत फाटकावर गेल्या. मागे रांग जागच्या जागी थिजली.

"फोदे, तुझी जागा आत आहे. वाट सोड."

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका. हे आमचं आणि याचं आहे."

"फाटक शाळेचं आहे."

"लांदिंगला नेलं त्या दिवशी गाडीत पुढे कोण बसलं होतं, विचारा याला!" फोदेचा आवाज चिरकला. "आणि तुमच्या दारात ती जीप कोण घेऊन आलं? हाच ना? बोला ना बाई, हाच ना?"

ही गोष्ट बाईंनी आजवर मलांगखेरीज कुणाजवळ काढली नव्हती. त्यांनी यांकुबाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "हेच."

गर्दीतून एक हुंकार उठला. मागचे पुढे सरकले. यांकुबाची टोपी कुणीतरी उडवली.

"ऐका!" बाई ओरडल्या. वर्गात ओरडायच्या तशा. "फोदे, लांदिंगसाठी कोर्टात जा, चौकशी लाव, मी साक्षीला येते. जीपमध्ये कोण होतं ते मी शपथेवर सांगेन. पण याचं कार्ड खरं आहे. यादीत दोनशे सहावं नाव याचं आहे. याला मी परत पाठवणार नाही."

"शेवटी रक्त रक्ताकडेच जाणार!" मागून कुणीतरी म्हणालं. "त्या साहेबाचीच जात. जोला ती जोलाच!"

बाई त्या आवाजाकडे वळल्या. "डिसेंबरात मला हेच ऐकवलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "जीपमधून आलेल्यांनी."

त्यावर एक दगड आला. मोठा नव्हता. भांड्याच्या कडेवर आपटून बाईंच्या पायाशी पडला. आतल्या गोट्या खळखळल्या. आता दुसरा येणार हे सगळ्यांना कळलं. गर्दीतले काहीजण खाली वाकलेही होते. जवळची पोलीस चौकी दीड तासावर होती.

तेवढ्यात हवालदार जूफ बाईंच्या पुढे येऊन उभे राहिले. काठी त्यांनी फाटकाला टेकवून ठेवली.

"ए!" ते म्हणाले. "ही बाई माझी गुलाम आहे. माझ्या आजोबांनी हिच्या आजोबांना एका फाटक्या जाळ्याच्या बदल्यात घेतलं होतं. हिला दगड मारायचा तर आधी मालकाची परवानगी काढा!"

मग रांगेतली एक म्हातारी फिसकन हसली, तिच्यामागे दुसरी, आणि वाकलेल्यांपैकी दोघंजण कसनुसं हसत सरळ झाले. फोदे हसला नाही.

"फोदे," बाई म्हणाल्या, "हे भांडं झाकलेलं आहे. हा आत जात नाही तोवर मारीकुंद्यात कुणालाच गोटी मिळणार नाही. तुझी माणसं सकाळी सहापासून उन्हात उभी आहेत. पाचला मतदान संपतं. बघ, काय करायचं ते."

रांगेत चुळबुळ सुरू झाली. "सोड ना त्याला, मेल्या!" "माझं पोर घरी एकटं आहे!" आणि मग रांगेतून एक बाई बाहेर आली. फोदेची आई, जाइनाबा. लांदिंग गेल्यापासून ती कमी बोलायची. ती यांकुबासमोर जाऊन थांबली. फोदेनं तिचा दंड धरला तर तिनं हात झटकला.

"याला रांगेत माझ्यापुढे उभा कर," ती मुलाला म्हणाली. "याची एक गोटी, माझी एक. त्याहून जास्त याला कधीच मिळायला नको होती."

फोदे बाजूला झाला.

यांकुबानं बोट पुढे केलं आणि टेबलावरच्या मुलीनं त्याला शाई लावली. बाईंनी गोटी त्याच्या तळव्यावर ठेवली. तो पडद्याआड गेला. आवारात दोन-अडीचशे माणसं, पण चिमणीचा आवाज नाही. खूप वेळ गेला. कुणीतरी पुटपुटलं, "मेला की काय आत?" मग घंटी वाजली. बाई थांबल्या. दुसरी वाजली नाही.

बाहेर येताना तो त्यांच्या टेबलाजवळ रेंगाळला. "मी तुझ्या जागी असतो," तो पुटपुटला, "तर तुला आत घेतलं नसतं."

"माहीत आहे, भाऊजी," बाई म्हणाल्या. "पुढे चला. मागे माणसं आहेत."

मोजणी साडेपाचला सुरू झाली, ऊन अजून भिंतीवर होतं. घागर दोनशे एकतीस. होडी दोनशे वीस. बाईंनी स्वतःच दोनदा मोजलं. अख्ख्या तालुक्यात होडीची हवा, आणि मारीकुंद्यात घागर अकरानं पुढे. बावीस वर्षांची सवय, नाहीतर भीती, नाहीतर खरंच मनापासून. पडद्याआड कोण काय करतं, कुणाला कळतं?

बाहेरची माणसं खिडक्यांना चिकटली होती. आकडा वाचला की काय होईल हे बाईंना दिसत होतं.

"आधी त्याला आत घेतलंत, आता हे," फोदे दबक्या आवाजात म्हणाला. "बाहेर काय सांगू मी?"

बाईंनी फळ्या त्याच्याकडे ढकलल्या. "तू मोज. खिडक्या उघडून मोज. एकेक गोटी उचलून."

फोदेनं मोजलं. पाऊण तास लागला. दोन वेळा त्याचा आकडा चुकला आणि त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी तो उठला, कागद ओढला आणि सही केली. मग खिडकीपाशी जाऊन त्यानंच आकडे वाचले. बाहेर शिव्या झाल्या, कुणीतरी शाळेचा माठ फोडला. हवालदार जूफ बाईंना घरापर्यंत सोडायला आले, आणि वाटभर दोघांपैकी कुणालाही थट्टा सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं, मतदारसंघात होडी मोठ्या फरकानं निवडून आली होती. पार्लमेंटमध्ये नवी माणसं बसली. मारीकुंद्याच्या अकरा मतांनी कुणाचंच काही अडलं नाही. तरी वर्षभर विहिरीवर बाई आल्या की बोलणं थांबायचं.

पुढे दोन वर्षांनी शहरात जुन्या प्रकरणांची चौकशी बसली. एक दिवस फोदे दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही.

"बाई, तुम्ही म्हणाला होता."

"हो," बाई म्हणाल्या. "कधी निघायचं?"

मलांग या वेळी स्वतःच त्यांच्या चपला घेऊन आला.

त्यांनी शपथेवर सांगितलं. जीप, कागद, पुढच्या सीटवरचा माणूस. यांकुबा समोरच बसला होता. अल्कालोपद त्याच्याकडून केव्हाच गेलं होतं. लांदिंगला त्यानंच दाखवून दिलं, हे त्यानं कबूल केलं. पुढे त्याचं काय झालं ते ठाऊक नाही, म्हणाला. लांदिंगचा पत्ता लागला नाही.

मारीकुंद्याला जाणारी गाडी दिवसातून एकच. बाई, फोदे, त्याच्याबरोबर आलेली जाइनाबा आणि यांकुबा, चौघंही तिच्यातच बसले. फेरीबोटीला उशीर होता, नदीकाठी दोन तास गाडी उभी राहिली. जाइनाबानं खिडकीतून उकडलेल्या शेंगांचा पुडा घेतला. फोदेला मूठभर दिल्या, बाईंना दिल्या, ड्रायव्हरलाही दिल्या. मग पुडा हातात धरून ती यांकुबाकडे बघत राहिली. यांकुबानं मान नदीकडे वळवली. तिनं पुडा दुमडला आणि ओढणीखाली ठेवून दिला.