तीन ग्रुपांवर वारलो

सकाळी चहा गाळून मोबाईल उघडला, तर शाळेच्या ग्रुपवर मी वारलो होतो.

घोळ साधाच होता. माझ्याच नावा-आडनावाचे कोणी गृहस्थ कोथरूडला वारले. ती बातमी एका वर्गमित्राला त्याच्या मेव्हण्याकडून आली आणि या शहाण्यानं 'आपला वर्गमित्र गेला' अशी जोड देऊन ती पुढं ढकलली. आपलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? एकाचं बघून दुसऱ्यानं जोडलेले हात, दिव्याचं चित्र आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. दुपारपर्यंत मी जुन्या ऑफिसच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवरही वारलो. जिवंतपणी माझा एक विनोद कधी इतका पुढं गेला नव्हता!

मी मुद्दामच काही लिहिलं नाही. म्हटलं, बघू तरी कोण येतं. निम्मा वर्ग अजून कसब्यातच राहतो, माझ्या दारापर्यंत चालत यायला असा कितीसा वेळ लागतो? निदान 'अहो, कसं झालं?' म्हणून कोणी फोन तरी लावेल. घरात मी एकटाच, म्हणजे फोन मीच उचलणार होतो आणि चांगला फैलावर घेणार होतो. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या. दूध जास्तीचं आणलं. जिन्यात पावलं वाजली की उठायचो. एकदा तर दारच उघडलं, तर शेजाऱ्यांचं कुरियर.

संध्याकाळी कंटाळून लिहिलं, 'अजून आहे.' पटापट अंगठे आले. एकानं 'शतायुषी व्हा' म्हटलं. बातमी आणणारा म्हणाला, 'आलं तसं पुढं पाठवलं.' मग कोणीतरी गुडघेदुखीवर मेथीचा उपाय टाकला आणि विषय संपला. फोन एकाचाही नाही.

हसून सोडून द्यायचं, पण मला रडू आलं. गेल्या वर्षी माझी बायको गेली, तेव्हा याच लोकांनी असेच हात जोडले होते. कितीतरी दिवस जेवायला बसलो की मी ते मेसेज काढून एकेक नाव वाचायचो. वाटायचं, एवढी माणसं आहेत आपल्याला. आता पुन्हा काढून बघितले. दिव्याचं चित्र तेच, ओळही तीच. ती गेली हे तरी त्यांच्यातल्या कोणी वाचलं होतं की नाही, देव जाणे.