बिनओवाळलेली गाडी

पुतण्याने नवी उंच गाडी आणली आणि ओवाळायला मला, त्याच्या काकूला, बोलावलं. बोनेट थेट माझ्या छातीपर्यंत येत होतं. चाकाखाली लिंबू ठेवून मी उठतच होते, तोच गाडी सुरू झाली. मी कुंकवाच्या हाताने बोनेटवर जोरात थाप मारली.

काच खाली करून तो म्हणाला, "तू दिसलीच नाही, काकू. समोर कायले थांबली?"

"जिच्यातून माणूस दिसत नाही, तिले मी ओवाळत नाही," असं म्हणून मी ताट घेऊन घरात गेले.

गाडी अजून बिनओवाळलेलीच आहे. लाखनीच्या चौकात ती दिसली की मी तिच्यासमोरून मुद्दाम सावकाश रस्ता ओलांडते. पुतण्या स्टिअरिंग धरून सीटवरून अर्धा उठतो आणि मी पलीकडे पोचेपर्यंत खाली बसत नाही.