स्लॅबवरच्या बरणीतला चहा

गेल्या मंगळवारी आमच्या घरातून लोणच्याची रिकामी काचेची बरणी गायब झाली. घरात माणसं दोनच, मी आणि आमचे हे... आणि मी तर ती घेतली नव्हती.

आधी थोडं सांगते. आमची मुलगी नागपूरला असते. बाळ सहा महिन्यांचं झालं, तिची सुट्टी संपली, म्हणून "आई, महिनाभर ये" असं रोज फोनवर चालू होतं.

माझा जीव तिकडेच होता. पण ह्यांनी एकतीस वर्षांत गॅसला हात लावलेला नाही. जेवणाचा डबा जाऊबाई देते म्हणाल्या, पण दारात पाहुणा आला तर कपभर चहा कोण देईल? मी पोरीला सरळ नाही सांगून टाकलं... तिनं फोनच ठेवून दिला.

तर बरणी गेली. मग लिंबं कमी व्हायला लागली. आमच्या जानेफळसारख्या गावात घरातून लिंबं नाहीशी झाली की डोक्यात आधी करणी-भानामतीचे भलतेच विचार येतात! साखरेचा डबाही तळाला गेलेला...

सध्या पापडांचे दिवस. दुपारी मी शेजारणीकडे लाटायला जात होते. कधी नव्हे ते हेच विचारायला लागले, "आज कधी जाऊन राह्यली?" माझं टाळकं तिथंच सणकलं.

गुरुवारी मोरीत दोन ग्लास. शुक्रवारी पुन्हा दोन. विचारलं तर म्हणे तहान लागली होती... एका माणसाला दोन ग्लास लागतात होय?

शनिवारी पोळपाट विसरल्याचं निमित्त करून मी अर्ध्यातून परतले. चपला बाहेर काढल्या. खाली सगळं शोधून झालं होतं, म्हणून आधी गुपचूप बाहेरचा जिना चढले. स्लॅबवर, रणरणत्या उन्हात, माझी बरणी! आत तांबूस पाणी. झाकण काढून वास घेतला... चहा. उन्हात ठेवलेला चहा! या माणसाला ऊन लागलं की काय?

खाली आले तर बैठकीत हे आणि सत्तारभाई. सत्तारभाई म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, बसस्टँडवर फळांची गाडी लावतात. समोर बर्फ घातलेले दोन ग्लास. मला पाहून हे उभेच राहिले.

सत्तारभाईंनीच सांगून टाकलं. "भाभी, चार दिवस झाले, मी रोज पाहुणा बनून येऊन राह्यलो. पह्यल्या दिवशी तं यानं लिंबू पिळून वरून दूध टाकलं... सारं फाटून गेलं!"

पोरीनंच फोनवर शिकवलं होतं म्हणे. गॅस नको, काही नको. बरणीत पाणी आणि चहापत्ती घालून उन्हात ठेवायची, मग गाळायचं, साखर, लिंबू आणि बर्फ.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं. हे खाली मान घालून म्हणाले, "नसतं जमलं तं तुले अजून एक बहाणा भेटला असता. पाहुण्याचं मी पाह्यतो आता. तू जाय पोरीकडे."

बहाणा... लागलाच तो शब्द. कारण तो खरा होता. ह्यांना चहासुद्धा येत नाही, हे चारचौघींत सांगायला मला आवडायचं. माझ्यावाचून घर अडतं, याचं सुख होतं त्यात.

चहा कसला, पाकच होता नुसता. तरी उभ्या उभ्या अख्खा ग्लास प्यायले.

हे लिहितेय ते नागपुरातून, नातू मांडीवर झोपलाय. "अमुक कुठं ठेवलं" विचारायला ह्यांचा सकाळपासून एकही फोन नाही. थोडं टोचतंय... पण मला इथं येता यावं म्हणून हा माणूस चार दिवस चोरासारखा राहिला, हे आठवलं की डोळे भरून येतात.