तुटक रेघेच्या दोन्ही बाजूंना

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण मोटारीचं वाइंडिंग मी तीस वर्षं भरलं. नवऱ्याचं रावेरला रिवाइंडिंगचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकाशी बोलायचा, कॉइल मी भरायचे. त्यामुळे वीज मला कळते, इंग्रजी कळत नाही.

सून धुळ्याकडची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. तिने आणि माझ्या मुलाने पंपाच्या स्टार्टरमध्ये बसवायचं सर्किट करायला घेतलं. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायची, आणि ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याच्यासाठी डब्याच्या झाकणावर एक बटण. ती कॉम्प्युटरवर सर्किटचा नकाशा काढायची, मी शेजारी भाजी निवडत बसायचे.

त्या नकाशात पॉवरच्या खुणा असतात. प्रत्येक भागाला वीज कुठून येते आणि कुठे परत जाते, ते सांगणाऱ्या. पूर्वी ती एकेक खूण हाताने लावायची, त्यात दोन दिवस जायचे. या वेळी तिने सॉफ्टवेअरला सांगितलं आणि चहा उकळेपर्यंत त्याने सगळ्या खुणा लावून दिल्या. तपासलंही त्यानेच. चूक एकही नाही.

मी म्हटलं, "ज्याने केलं त्यानेच तपासलं?"

"तुम्ही कॉइल भरायच्या आणि तुम्हीच तपासायच्या ना, आई?"

मी भाजीची पुढची जुडी सोडली.

सर्किट बनून आलं. टेबलावर बॅटरी लावून चालवलं, छान चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा एक नग घेऊन सातपुड्याकडच्या एका केळीच्या बागेत बसवायला गेला. त्या आठवड्यात तिकडे थ्री फेज लाइट, म्हणजे मोटार चालवणारी वीज, अकरा वाजता यायची.

मी बरेच दिवस तो नकाशा कागदावर मागत होते. सुनेने त्या दिवशी छापून दिला. "घ्या, बसा रंगवत." सोबत नातवाच्या दप्तरातल्या रंगीत पेन्सिली.

नकाशाच्या मधोमध एक उभी तुटक रेघ होती. डावीकडे खांबावरची वीज, उजवीकडे बॅटरीएवढी, बटणाची. डावीकडच्या तारा मी लाल रंगवायला घेतल्या, उजवीकडच्या हिरव्या. रेघ ओलांडून तार कुठेच जात नव्हती. पण बऱ्याच तारा मधेच संपत होत्या. टोकाला फक्त तीन आडव्या रेघा, खाली लहान होत गेलेल्या.

"ही तार इथे तुटली का?"

"तुटली नाही. ती ग्राउंडची खूण आहे. जिथे जिथे ती खूण, ते सगळं आतून जोडलेलं धरायचं. तार काढावी लागत नाही."

मी लाल पेन्सिल खाली ठेवली. "मग ही खूण रेघेच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही."

ती पोळी लाटत होती. लाटणं हातात घेऊनच आली. कागद पाहिला, मग कॉम्प्युटर उघडून पाहिला. डावीकडे वेगळी खूण हवी होती. सॉफ्टवेअरने दोन्हीकडे एकच लावली होती. घाबरली की ती माहेरच्या बोलीत बोलते.

"आई, बठ्ठं जोडायेल शे." सगळंच आतून जोडलेलं होतं.

बटणाची लोखंडी पट्टी ग्राउंडला होती, आणि पट्टी डब्याला. अर्थिंग असतं तर फ्यूज तरी उडाला असता. पण बागेतल्या अर्थिंगच्या तारा किती ठिकाणी धड असतात, ते मी सांगायला नको. खांबावरची वीज थेट डब्याच्या पत्र्यावर येणार होती.

साडेदहा वाजले होते. मुलाला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तसंच. बागवाल्याचा नंबर आमच्याकडे नव्हता, मुलाकडेच होता.

"स्कूटी काढ," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला?"

"तू गाडी चालवशील की फोन लावशील?"

रस्त्यात केळीचे ट्रक उभे होते. तिने गाडी पार गटाराच्या कडेने घातली. मी सारखा फोन लावत होते. मुलाला शिव्या घालत होते, त्या तिला ऐकू जात होत्या.

बागेजवळ आलो तेव्हा शेजारच्या मळ्यातली मोटार चालू झाल्याचा आवाज आला. लाइट आली होती.

मुलगा दिसेना. डब्यासमोर बागवाल्याची बायको उभी होती. टाकीवर भांडी घासत असावी, हात कोपरापर्यंत ओले, पाय अनवाणी, खाली चिखल.

"हात नको लावू!" मी ओरडले.

ती दचकून मागे सरली. "मले सांगेल हाये, हिरवी बत्ती लागली का दाबायचं. लागली ना आत्ताच."

"दाबलंस का?"

"दाबतच व्हती. तुम्ही बोंबलल्या."

मी खांबावरचे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज काठीने ओढून पाडले. मग मुलगा आला. ठिबकच्या नळ्या बघायला पार टोकाला गेला होता, फोन मोटारसायकलच्या डिकीत.

"झालं काय? माझी टेस्टिंग मोडली तुम्ही."

सुनेने त्याच्या पिशवीतलं मीटर काढलं, एक टोक पत्र्याला धरलं, दुसरं ओल्या मातीत खुपसलं, आणि त्याला फ्यूज लावायला सांगितलं. मीटरने दोनशेच्या वर व्होल्ट दाखवले. फ्यूज त्याने स्वतःच परत काढले.

"मी सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं," सून म्हणाली.

"मीही पाहिलं नाही," तो म्हणाला.

बागवाल्याच्या बायकोला यातलं काही कळलं नव्हतं, आणि तेव्हा आम्ही सांगितलंही नाही. ते आमचं चुकलं. तिला वेगळीच घाई होती. "मंग केयीले पानी कसं द्यायचं? लाइट जाईन ना."

मुलाने आमचं सर्किट सोडवलं आणि जुना स्टार्टर होता तसा जोडला. फ्यूज लावून मीटरने पत्रा पुन्हा पाहिला. या वेळी काही नव्हतं. त्याने तिला पायाखाली फळी घ्यायला लावली, हात पदराला पुसायला लावले. ती हसली, "एवढं काय घाबरता, भाऊ?" आणि बटण दाबलं.

मोटार चालू झाली. सून ते बघायला थांबली नव्हती. बांधावर जाऊन बसली होती, हाताला पीठ तसंच. तिला काहीतरी सुनावायचं माझ्या मनात होतं. पण मी तिच्या शेजारी जाऊन बसले.