स्प्रिंगांचा बोर्ड

उमरग्याला हायवेलगत माझ्या थोरल्या भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सुट्टीत घरी येताना मी एक जुना स्केटबोर्ड आणला. त्यावर उभं राहून एका अंगाला झुकलं की तो तिकडं वळायला हवा. पण आतलं रबर दगडासारखं कडक झालेलं, वळतच नव्हता. मी रबर काढून टाकलं आणि भंगारातल्या मोटारसायकलींच्या इंजिनातल्या स्प्रिंगा प्रत्येक आसाच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. त्या धरून ठेवणाऱ्या पट्ट्या दादानंच वेल्ड करून दिल्या.

माझ्या वजनाला तो झकास वळला. दादाला राहवेना. "सरक, मला बघू दे."

"दादा, नको. तुझ्या वजनानं स्प्रिंगा पार दबतील."

त्यानं ऐकलं नाही. दुकानामागच्या उतारावर तो जरासा झुकला, बोर्ड गर्रकन फिरला आणि दादा तोंडावर लोखंडी अँगलच्या ढिगात गेला. ओठ फाटला. समोरच्या हॉटेलातली माणसं खदाखदा हसली.

तो उठून थेट माझ्याकडंच आला. पहिल्याच थपडेत डावा कान बधिर झाला. मी हातातला पाना फेकून मारला, तो त्याच्या गुडघ्यावर बसला. मग त्यानं माझी वेणी धरली, फरफटत नेलं आणि शटरवर आदळलं. पुन्हा आदळलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं, त्याचं का माझं, कळलं नाही. शेजारचे पिठाच्या गिरणीवाले कानडी अज्जा धावत आले. "बिडो! सोड तिला, मरंल ती!" असं ओरडत त्यांनी त्याची मूठ उकलली. मग दादानं घण उचलून बोर्डावर घातला. फळी चिरली, आस वाकला.

डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय. आई म्हणाली, "भाऊ हाय तुझा. रागात व्हतं कधी कधी."

कानात कापूस घालून मी अज्जांच्या गिरणीत बसले. आस सरळ केला, नवी फळी लावली. प्रत्येक स्प्रिंगमधून बोल्ट घातला, वर नट. नट आवळला की स्प्रिंग दबून बोर्ड ताठ राहतो, सैल केला की हलका वळतो. जड माणसाला आवळून द्यायचा, हलक्याला सैल.

मी उतारावरून वळणं घेत खाली आले, तर दादा उभा.

"माझ्यापुरता आवळून दे."

"न्हाय."

त्यानं हात उचलला. मी पाना घट्ट धरला आणि जागची हलले नाही. "मार. या बारीला डोस्कंच फोडते तुझं." आणि मी फोडलं असतं. त्यालाही ते दिसलं असावं. शटरला लाथ घालून तो आत गेला.

कॉलेजात तोच बोर्ड माझा प्रोजेक्ट झाला. भाऊबीजेला घरी गेले, पण दादाला ओवाळलं नाही. आई ओवाळणीचं भरलं ताट हातात धरून उंबऱ्यात किती तरी वेळ उभी होती.