शुगर आईला, काळजी बाबांची

मंडळी, दुपारपासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

आईला शुगर आहे आणि सुईची भारी भीती. म्हणून परवा लॅबमध्ये बाबांनी आधी आपला हात पुढं केला. "बघ, काय होत नाय," म्हणत स्वतःचंही रक्त दिलं.

आज रिपोर्ट घेऊन आम्ही उस्मानपुऱ्यात डॉक्टर मॅडमकडं गेलो. आईचा रिपोर्ट छान आला होता. बाबांचा मात्र मॅडमनी दोनदा वाचला.

"काका, तुम्हाला डायबेटिस नाही. पण तीन महिन्यांची सरासरी साखर अगदी काठावर आलीय. एवढ्यानंही हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. जिना चढताना धाप लागते का?"

"छे, अजिबात नाय."

"लागते की," आई म्हणाली. "मधीच थांबतात अन् मला म्हणतात, तुझ्यासाठी थांबलो."

बाबा खाली बघायला लागले. लगेच ईसीजी काढला. तो ठीक आहे, पण पुढच्या तपासण्या करायच्यात.

रिक्षात आईनं धरलेला त्यांचा हात घर येईपर्यंत सोडला नाही. "माझी एक गोळी चुकू देत नाय, अन् स्वतःचं लपवता? लई शहाणे!" आई म्हणाली.

"आता तू हायस ना बघायला," बाबा हळूच म्हणाले.

इतकी वर्षं आम्ही सगळे फक्त आईची साखर बघत होतो. तुमच्या घरात सगळ्यांना दवाखान्यात नेणारं माणूस कोण आहे? त्याची तपासणी शेवटची कधी झाली, आज विचाराल का?